शांत स्वभावाचा पंचनामा

अडीच वर्षांच्या मुलाला पायजमा घालणे हे काम वरकरणी घटकाभराचे दिसत असले, तरी वस्तुतः ते दोन स्वतंत्र संस्थानांमधील तहाइतके नाजूक असते. कारण त्यातील एक पक्ष गुडघे टेकून, नाडी दातांत धरून, दोन्ही हातांनी पायजम्याचे तोंड विस्फारून बसलेला असतो आणि दुसरा पक्ष नेमक्या त्याच वेळी, देवघरातली घंटा वाजवण्याचे तातडीचे काम आठवल्यामुळे, पूर्वसूचनेवाचून निघून गेलेला असतो. त्यास पुन्हा हजर करावे, एक पाय आत घालावा, दुसरा घालू जावे तो पहिला बाहेर. आणि अखेर दोन्ही पाय आत गेले म्हणून निःश्वास टाकावा, तर ते दोन्ही पायजम्याच्या एकाच पायात सापडलेले आढळतात. ही दुरुस्ती करण्याची परवानगी आपण नम्रपणे मागत आहोत, तोच रस्त्यावरून उसाने लादलेला ट्रॅक्टर जातो, आणि पक्षकार आहे त्या वस्त्रांनिशी, म्हणजे बहुतांशी वस्त्रांवाचून, अंगणात उभा राहून त्यास हात हलवू लागतो.

आमचे लोणखेडा शहाद्याला अगदी लागून आहे. गोमाईच्या खोऱ्यातला हा मुलूख काळ्या मातीचा. ऊस, केळी, पपई आणि कापूस यांचा. गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्यांची रीघ लागते, आणि त्यांपैकी प्रत्येक गाडीस निरोप दिल्यावाचून आमच्या घरातील कोणतेही कामकाज पुढे चालत नाही. हा दंडक आमच्या नातवाने घालून दिला आहे. त्यास घरात रावसाहेब म्हणतात. हे नाव मीच ठेवले. कारण महसूल खात्यात कारकुनी करताना जेवढे रावसाहेब माझ्या वाट्यास आले, त्या सर्वांचे गुण, म्हणजे कारण न देता हुकूम काढणे, काढलेला हुकूम फिरवणे, फिरवलेल्या हुकुमाची तामिली अजून का झाली नाही म्हणून जाब विचारणे आणि दुपारच्या जेवणानंतर कोणासही भेट न देणे, हे त्याच्या ठायी जन्मतःच एकवटलेले आहेत.

दिवाळी सरताच आमच्या मंडळी लेकीच्या बाळंतपणासाठी सुरतेस रवाना झाल्या. चिरंजीव कारखान्यात नोकरीस, सूनबाई शाळेत शिक्षिका. तेव्हा सकाळपासून दिवेलागणीपर्यंत रावसाहेबांचा ताबा माझ्याकडे आला. या व्यवस्थेबद्दल कोणाच्याही मनात शंका आली नाही, कारण शांत स्वभावाचा मनुष्य म्हणून पंचक्रोशीत माझा लौकिक होता. कचेरीत माझ्या मेजापुढे लोकांनी आरडाओरडा केला, कपाळ बडवले, वारसाच्या नोंदीवरून सख्ख्या भावांनी एकमेकांच्या गळपट्ट्या धरल्या, तरी माझा आवाज कधी चढला नाही. मी चष्मा काढीत असे, तो धोतराच्या सोग्याने पुसत असे, पुन्हा डोळ्यांवर चढवीत असे, आणि प्रसन्न मुद्रेने म्हणत असे, “उद्या या.”

माझ्या शांतीचे सारे भांडवल या दोन शब्दांत होते, हे मला सेवानिवृत्तीनंतर कळले. ज्यास समोरच्या माणसाला उद्यावर ढकलता येते, त्यास आज शांत राहण्यास काही खर्च पडत नाही. अर्जदारास उद्या असतो, परवा असतो, तालुक्याच्या वर जिल्हा असतो आणि जिल्ह्याच्या वर नाशिकचे आयुक्त असतात. अडीच वर्षांच्या मुलास यांपैकी काहीच नसते. त्याच्यापाशी फक्त आत्ता असतो, आणि तो त्याने दोन्ही मुठींत घट्ट धरलेला असतो. पहिल्याच दिवशी रावसाहेबांनी गच्चीवर जाण्याची दरखास्त केली तेव्हा मी सवयीने चष्मा पुसला आणि म्हणालो, “उद्या जाऊ हं.” त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, जमिनीवर उताणे झाले, आणि मग जो आक्रोश केला तो ऐकून समोरच्या घरातील कोंबड्यादेखील माळ्यावर चढल्या.

केळ्याचे प्रकरण याहून गंभीर. खानदेशात केळ्याला तोटा नाही, आणि मूल रडू लागले की केळे द्यावे, हा आमच्याकडचा पिढीजात रिवाज आहे. मी एक उत्तम पिकलेले केळे निवडले, सोलले, आणि त्यांच्या हाती देताना ते मध्येच मोडले. रावसाहेबांनी दोन्ही तुकड्यांकडे आळीपाळीने पाहिले.

“जोड,” ते म्हणाले.

“बाळ, मोडलेले केळे जोडता येत नाही.”

“जोड!”

“हे बघ, दोन केळी झाली तुझी. आता तर जास्त झाले.”

हा युक्तिवाद मला स्वतःला फार सरस वाटला होता. कारण जमिनीच्या वाटण्यांत मी मोठमोठ्या शहाण्या माणसांना याच धर्तीवर गप्प केलेले होते. रावसाहेबांनी तो ऐकूनही घेतला नाही. मी दुसरे अखंड केळे देऊ केले. ते नामंजूर झाले, कारण मागणी केळ्याची नसून याच केळ्याची होती. मी दोन तुकडे एकावर एक धरून, जोड लपेल अशा बेताने मूठ आवळून, ते पुढे केले. पाहणी होऊन बनावट उघडकीस आली. अशा प्रसंगी बिरबल काय करता, असा विचार माझ्या मनात आला आणि लगेच आठवले की, बादशहाचीही हीच गत झाली होती. बालहट्ट पुरवणे काय कठीण आहे, असे बादशहाने विचारले, तेव्हा बिरबल स्वतः मूल झाला आणि बादशहास त्याने बाप केले. त्याने हत्ती मागितला, हत्ती आला. त्याने गाडगे मागितले, गाडगे आले. मग तो हत्ती त्या गाडग्यात घालून द्या म्हणून त्याने भोकाड पसरले, आणि अवघ्या हिंदुस्थानची सल्तनत तेथे हतबल झाली. ही गोष्ट लोक बिरबलाच्या चातुर्याची म्हणून सांगतात. माझ्या मते ती बादशहाच्या सुदैवाची आहे. त्याच्यापुढचे मूल खोटे होते आणि खेळ संपल्यावर उठून मुजरा करून घरी गेले.

सायंकाळी मी हा वृत्तान्त निवेदन केला तेव्हा चिरंजीव म्हणाले, “आबा, राग आला की दहापर्यंत अंक मोजायचे. मोठ्याने. शास्त्रीय उपाय आहे.”

दुसऱ्या दिवशी दुधाचा पेला पालथा झाला आणि मी शास्त्रास शरण गेलो. एक, दोन, तीन म्हणेपर्यंत रावसाहेब दुधात बसून टाळ्या वाजवू लागले. पाचापर्यंत त्यांनी मला साथ दिली. पाचानंतर ते ‘सात’ म्हणाले. मी सहाची आठवण दिली. त्यांनी सहाचे अस्तित्वच अमान्य केले. ज्या रागावर उतारा म्हणून ही मोजणी चालली होती तो राग बाजूस राहिला, आणि सहाच्या हक्कांवरून नवाच तंटा उभा राहिला. त्यात मी हरलो. आमच्या घरात हल्ली पाचानंतर सात येतो.

सूनबाईंनी बालमानसशास्त्राचा अभ्यास केला आहे. त्या मोठ्या सौम्यपणे म्हणाल्या, “आबा, तो मुद्दाम नाही करत. मनावर ताबा ठेवणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता तयार व्हायला वयाची पंचविशी यावी लागते.” मी मनातल्या मनात हिशेब केला. रावसाहेबांची पंचविशी येईल तेव्हा माझे वय ज्या आकड्यापाशी जाते, त्या आकड्यास माझ्या घराण्यात आजवर कोणी पोहोचलेले नाही. तोवर धीर धरण्याची सूचना मी शिरोधार्य मानली, पण तिची मुदत काहीशी लांबची आहे, एवढे नमूद केले.

मग मी थोरांच्या चरित्रांकडे वळलो. शांतिब्रह्म म्हणून ज्यांना महाराष्ट्र ओळखतो त्या एकनाथांची कथा सर्वांस ठाऊक आहे: गोदावरीत स्नान करून निघाले की एक उर्मट मनुष्य त्यांच्या अंगावर थुंके, नाथ पुन्हा स्नानास जात, आणि असे १०८ वेळा घडूनही त्यांच्या कपाळास आठी पडली नाही, अखेर थुंकणाराच शरण आला. नाथांच्या योग्यतेविषयी शंका घेण्याचे पातक मी करणार नाही. परंतु तो मनुष्य १०८ व्या खेपेस थकला, ही बाब दुर्लक्षून चालणार नाही. रावसाहेब थकत नाहीत. तसेच, तापलेल्या वाळवंटात रडत असलेले एक पोर नाथांनी कडेवर घेऊन त्याच्या घरी पोचवले, ही कथाही मी लहानपणापासून डोळ्यांत पाणी आणून ऐकत आलो; आता मात्र ती ऐकताना माझे लक्ष एका निराळ्याच तपशिलावर खिळते. ते पोर घरी पोचवून नाथ परत आले.

आमच्या गावचे महाविद्यालय ज्या संस्थेचे, ती पूज्य साने गुरुजींच्या नावाची. मातृप्रेमाचा महाराष्ट्रातील सर्वमान्य ग्रंथ म्हणजे ‘श्यामची आई’. तो गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत लिहून काढला. पूर्वी मला याचा अचंबा वाटे. आता त्या काळच्या तुरुंगात निदान लेखणी ठेवलेल्या जागी सापडत असावी, असे वाटून तो अचंबा ओसरला आहे. गुरुजी अमळनेरच्या वसतिगृहातील मुलांच्या खोल्या झाडीत, त्यांचे कंदील पुसून ठेवीत; पण ती मुले स्वतःचे विजार-सदरे स्वतः घालणारी होती. बालशिक्षणाचे आद्य पुरस्कर्ते गिजुभाई बधेका यांची साक्ष मला अधिक मोलाची वाटते, कारण ते मूळचे वकील. स्वतःस मुलगा झाला तेव्हा त्यांचे लक्ष या विषयाकडे वळले, पुढे वकिली सुटली, १९२० साली भावनगरात त्यांनी बालमंदिर काढले, आणि लोक त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशावाली आई, म्हणू लागले. त्यांनाच पुढे ताराबाई मोडक येऊन मिळाल्या. मुलास मारू नये, धाक घालू नये, आणि लालूचही दाखवू नये, असे गिजुभाईंचे म्हणणे. पहिल्या दोहोंस माझी संमती आहे. तिसरे कलम वगळले तर राज्यकारभार चालतो कसा, हे मात्र कोणत्याही कारकुनास उमगणे कठीण.

लालूच दाखवण्यास तरी ती हाताशी असावी लागते. एके सकाळी मी न्हाणीघरात असताना बाहेरून कडी सरकल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ रावसाहेबांचा विजयी स्वर: “आबा, भोऽ!”

“कडी काढ बाळ.”

“नाही.”

“काढलीस तर चॉकलेट देईन.”

“दाखव.”

चॉकलेट खिशात होते, खिसा सदऱ्यास होता, आणि सदरा बाहेर खुंटीवर होता. ही कैफियत मी दाराच्या फटीतून सविस्तर मांडली. ती पुरी होण्याच्या आत उसाची गाडी आली आणि न्यायासन अंगणात निघून गेले. पुढचा कालावधी मी ओल्या पंच्यानिशी, पालथ्या बादलीवर बसून चिंतनात घालवला. ताटीच्या अभंगांचा प्रसंग आठवला. लोकांच्या वागण्याने खिन्न झालेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले आणि ती उघडावी म्हणून धाकट्या मुक्ताईने त्यांची विनवणी केली. म्हणजे ज्ञानेश्वरांचीही एकदा शांती ढळली, हा मला केवढा तरी दिलासा होता. पण तेथे वडील भावंड आपल्या खुशीने आत होते आणि लहान भावंड उघडा म्हणत होते. माझ्या प्रकरणात दोन्ही गोष्टी उलट होत्या. आमच्या तापीच्याच वरच्या अंगास मेहूण येथे मुक्ताई १२९७ साली अंतर्धान पावल्या; चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवांनी त्या मुलीस गुरू केले. वाघावर स्वार होऊन आलेल्या योग्यास शेवटी लहान मुलीपुढे बसावे लागले, यात आता मला कसलाच चमत्कार वाटत नाही.

माझी सुटका शेजारच्या मावशींनी केली. त्या अंगणात येऊन रावसाहेबांना म्हणाल्या, “काब्र कोंडं रे आबास्ले?” रावसाहेब म्हणाले, “आबा भो!” मावशी म्हणाल्या, “बरं.” एवढ्यावर त्यांचे संभाषण संपले. मग मावशींनी रावसाहेबांस कडेवर घेतले, त्यांच्याच हाताने कडी सरकवून घेतली, टोपलीतली एक शेंग त्यांच्या हाती दिली आणि घरचे धुणे वाळत घालण्यास निघून गेल्या. यात त्यांनी आवाज चढवला नाही, अंक मोजले नाहीत, कोणत्याही संताचे स्मरण केले नाही. त्यांच्या घरात तीन नातवंडे आहेत, आणि त्यांना शांत स्वभावाची बाई म्हणून लोणखेड्यात कोणी ओळखत नाही. उलट तोंडाळ म्हणूनच त्या प्रसिद्ध आहेत.

सारंगखेड्याच्या यात्रेचा प्रकार पुढे दत्तजयंतीला घडला, पण ओघात येथेच सांगून टाकतो. तापीकाठची ती यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी दूरदूरपर्यंत प्रसिद्ध. देशाच्या कानाकोपऱ्यातून उमदी जनावरे तेथे विक्रीस येतात. रावसाहेबांनी त्यांतला एक पांढराशुभ्र घोडा पसंत केला. किमतीची चौकशी त्यांनी केली नाही. तो घरी न्यावा आणि रात्री त्यांच्या व माझ्या मध्ये निजवावा, एवढाच त्यांचा हुकूम होता. मला पुन्हा बिरबल आठवला. रामाने चंद्र मागितला तेव्हा त्यास आरशात चंद्र दाखवून शांत केले, असे सांगतात, म्हणून मी चिरंजीवांच्या मोबाइलवर घोड्याचे चित्र काढून दाखवले. रावसाहेबांनी ते बोटाने सरकवून पाहिले आणि विचारले, “याचं शेण कुठंय?” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. रात्री सुरतेस फोन लावला. मंडळींनी पलीकडून फक्त एवढे विचारले, “घोडा जेवला का रे?” तो जेवला नाही, असे रावसाहेबांनी सांगितले. “मग त्याच्या आईकडे जेवायला गेला असेल,” असा निकाल मिळाला, आणि तो त्यांनी विनातक्रार मान्य करून मुकाट्याने खिचडी खाल्ली. ज्या बाईशी माझा संसार झाला, तिने आमच्या चिरंजीवांचे लहानपण कसे निभावले, याची मी त्या रात्री प्रथमच चौकशी केली. त्या म्हणाल्या, “तुम्ही कचेरीत असायचा ना, म्हणून सोपं गेलं.”

आता बँकेचे. निवृत्तिवेतन घेणाऱ्यास दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याबद्दल हयातीचा दाखला द्यावा लागतो. माझा फॉर्म मी सुवाच्य अक्षरात भरून मेजावर ठेवला होता. त्यावर रावसाहेबांनी लाल पेन्सिलीने, सहीच्या जागेपासून शिक्क्याच्या जागेपर्यंत, उसाने भरलेल्या गाड्यांची एक अखंड रांग काढली. तो फॉर्म आणि तो चित्रकार दोघांनाही घेऊन मी बँकेत हजर झालो. खिडकीतल्या तरुणाने कागद निरखला, चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा चढवला, आणि प्रसन्न मुद्रेने म्हणाला, “कोरे फॉर्म संपलेत, काका. उद्या या.”

मी त्या मुलाकडे अनिमिष नेत्रांनी पाहत राहिलो. त्याच्या स्वरात कोठेही उणे नव्हते. विराम योग्य जागी होता, ‘उद्या’वरचा जोर नेमका होता, आमच्या पिढीबरोबर ही विद्या लयास जाईल ही माझी भीती व्यर्थ ठरली होती. मी कौतुकाने मान डोलावून परत फिरणार, इतक्यात रावसाहेबांनी खिडकीच्या गजास बांधलेले पेन मागितले. मी म्हणालो, “उद्या.” मघाशी एकदा त्या तरुणाकडून आणि आता माझ्याकडून, असा एकाच जागी दोनदा तो शब्द ऐकल्यावर त्यांनी जमिनीवर अंग टाकले आणि कंठ मोकळा सोडला.

पुढील घटना फार वेगाने घडल्या. रांगेतल्या एका बाईने कानांवर पदर घेतला. रक्कम मोजणाऱ्या कारकुनाचा आकडा चुकला, त्याने पुन्हा मोजली, पुन्हा चुकला. आतल्या खोलीचे दार उघडले आणि साहेबांनी विचारले, “काय चाललंय? काय पाहिजे त्यांना?” कोणीतरी म्हणाले, “हयातीचा दाखला.” खिडकीतल्या तरुणाने खालचा खण ओढला. त्यात कोऱ्या फॉर्मांची एक जाड चळत होती. फॉर्म मिळाला, भरला, शिक्का बसला, पोच मिळाली. आणि हे सर्व होईपर्यंत रावसाहेब ते पेन चोखीत साहेबांच्या मेजावर बसले होते. मी ज्या खात्यात आयुष्य घालवले त्यात एवढ्या अल्पावधीत निकाली निघालेला अर्ज माझ्या पाहण्यात नाही.

ही वार्ता गावात पसरण्यास वेळ लागला नाही. वीजजोडणीसाठी गेले वर्षभर खेटे घालणारे एक शेतकरी परवा ओट्यावर येऊन बसले, इकडचे तिकडचे बोलले, आणि जाताना हळूच म्हणाले, “आबा, नातू एक दिवस मिळेल का?” तेव्हा ज्यांची प्रकरणे कोणत्याही दफ्तरात दीर्घकाळ तुंबलेली असतील अशा वाचकांच्या माहितीसाठी येथे नमूद करतो की, रावसाहेब बुधवार आणि शुक्रवारी सकाळी अकरानंतर मोकळे असतात. नेणे-आणणे अर्जदाराने स्वतः करावे. मोबदला एक केळे. ते मोडलेले चालणार नाही.